आधी सिनेमा अख्खा दाखवा, निकाल आम्ही लावू

प्रति,
जुन्या मराठी विनोदी चित्रपटांचे हक्क ज्यांच्याकडे आहेत ते निर्माते, त्यांचे वारस आणि वितरक;
हे चित्रपट दाखवणाऱ्या वाहिन्यांचे आणि ओटीटीवाल्यांचे कार्यक्रम विभाग;
आणि सांस्कृतिक कार्य विभाग, महाराष्ट्र शासन.

सप्रेम नमस्कार.

आधी तुम्हाला खासगीत लिहून पाहिलं. बहुतेकांकडून पोचसुद्धा आली नाही. एका ठिकाणाहून उत्तर आलं, त्यात विचारलं होतं, "मॅडम, तुम्हाला नेमका कुठला सीन पाहिजे?" आम्हाला सीन नको होता, सिनेमा हवा होता. म्हणून आता हे पत्र चारचौघांत.

निमित्त ताजं आहे. ऐंशीच्या दशकातला एक गाजलेला विनोदी चित्रपट त्याच्या हक्कधारकांनी यूट्यूबवर बरीच वर्षं अख्खा ठेवला होता. तो त्यांनी उतरवला आणि त्याचे तीन-तीन चार-चार मिनिटांचे तुकडे टाकले. प्रत्येक तुकड्याखाली आयतं रेकॉर्ड केलेलं हसू, कोपऱ्यात रडेपर्यंत हसणारी पिवळी तोंडं आणि वर ठळक अक्षरांत 'पोट धरून हसाल'. त्याच सुमारास एका वाहिनीवर दुसरा एक चित्रपट लागला. त्यात अधूनमधून आवाज गायब होत होता आणि मधला एक प्रसंग पूर्ण उडवला होता. चित्रपटांची नावं मुद्दाम देत नाही. नाव दिलं की संस्था आणि वाहिनी कळते, आणि मग भांडण त्या एकट्याशी आहे असं होतं. ते तसं नाही, तुम्ही थोड्याफार फरकाने सगळेच हे करता.

आता मी कोण, आणि मला याची एवढी काय पडली आहे? मी कोल्हापुरातल्या एका वाचनालयाची सभासद. आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा एका जुन्या विनोदी चित्रपटाची फेरतपासणी होते. तिथे आम्ही सिनेमा दाखवत नाही, कारण दाखवायला परवानगी लागते आणि ती कुणाकडे मागायची हेच कळत नाही. तेव्हा प्रत्येकाने घरी बघून यायचं आणि वरच्या खोलीत बसून बोलायचं. ठरलेले प्रश्न तीन. हसू आलं का? कुणावर आलं? आणि आज बारा-चौदा वर्षांच्या मुलीला शेजारी बसवून हा सिनेमा बघाल का? जमणाऱ्यांत निवृत्त शिक्षक आहेत, कॉलेजच्या मुली आहेत, एक शिवणकाम करणाऱ्या काकू आहेत, आणि ज्यांच्यावाचून आमचं पान हलत नाही असे एक जुने थिएटर ऑपरेटर काका आहेत. त्यांनी हयातभर प्रोजेक्टर चालवले.

या बैठकांत भांडणं होतात, आणि व्हावीत यासाठीच तर आम्ही जमतो. पण एका बैठकीत वेगळंच भांडण झालं. एक मुलगी म्हणाली, नायक अमुक प्रसंगात नायिकेशी जे वागतो ते बघवत नाही. गुरुजी म्हणाले, असा प्रसंग सिनेमात नाहीच, तू दुसऱ्या कुठल्या तरी सिनेमाचं बोलतेस. काकू म्हणाल्या, प्रसंग आहे, पण पुढे नायक माफी मागतो की! ती माफी मुलीने पाहिलेली नव्हती. अर्धा तास अशी हमरीतुमरी झाल्यावर उलगडा झाला, की गुरुजींनी सिनेमा वाहिनीवर पाहिला होता, मुलीने यूट्यूबवर, आणि काकूंनी घरातल्या जुन्या, दोन तबकड्यांच्या व्हीसीडीवर. एकाच नावाचे तीन सिनेमे बघून आम्ही एका सिनेमाचा न्याय करायला बसलो होतो.

ऑपरेटर काका तोवर गप्प होते. ते म्हणाले, "सुरुवातीचं सर्टिफिकेट बघा, त्यावर लांबी असते." चित्रपटाच्या आधी सेन्सॉरचं जे प्रमाणपत्र पडद्यावर येतं, त्यावर रिळांची संख्या आणि मीटरमध्ये लांबी लिहिलेली असते. पस्तीस मिलिमीटरची फिल्म मिनिटाला साधारण २७.४ मीटर पळते. म्हणजे ४,००० मीटरचा सिनेमा १४६ मिनिटांच्या आसपास चालायला हवा. भागाकार केला की किती मिनिटं गेली ते कळतं. हा हिशेब आम्ही मग दर महिन्याला करू लागलो. अडचण अशी, की यूट्यूबवरच्या कित्येक प्रतींना सुरुवातीचं प्रमाणपत्रच नसतं. तेही कापलेलं.

तुमच्या बाजूने एक गोष्ट सांगून टाकते, कारण काकांनी ती आम्हाला बजावून सांगितली आहे. गेलेलं प्रत्येक मिनिट चोरीचं नसतं. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांच्या वेगाने काढलेला असतो आणि आपला जुना टीव्ही २५ ने चालायचा. त्यामुळे टेपवर उतरवताना १५० मिनिटांचा सिनेमा काही न कापता १४४ मिनिटांत संपतो. शिवाय गावोगावच्या टूरिंग टॉकीजमध्ये शेवटची एसटी चुकू नये म्हणून एखादं गाणं गाळणारेही होते, हे त्यांनीच हसत सांगितलं. पण सहा मिनिटांचा हिशेब लागतो. पंचवीस मिनिटांचा कसा लावायचा?

तुम्हाला वाटत असेल, हे सगळे विनोदी सिनेमे, टाइमपास, त्यांच्या मिनिटांचा हिशेब कसला ठेवायचा. म्हणून आमच्या खोलीत काय निकाल लागले ते थोडं सांगते.

'अशी ही बनवाबनवी' (१९८८) वर आम्ही दोन बैठका घालवल्या. संवाद सगळ्यांना पाठ, त्यामुळे पहिल्या बैठकीत तपासणी कमी आणि पाठांतर जास्त झालं. दुसऱ्या वेळी जरा शांतपणे बोललो. हा सिनेमा १९६६ च्या 'बीवी और मकान' या हिंदी चित्रपटावरून घेतला आहे हे अनेकांना माहीत नव्हतं. मूळ आज फारसं कुणाच्या लक्षात नाही आणि मराठी रूप घराघरांत आहे. याचं श्रेय सचिन पिळगावकरांच्या दिग्दर्शनाला आणि नटांना मिळतंच, पण आमच्या मते मोठा वाटा वसंत सबनीसांच्या लेखणीचा. पुरुषांनी साडी नेसली की लोक हसतात, ते कुणालाही जमतं. इथे हसू साडीवर थांबत नाही. जोडप्यालाच घर देणार, ही अट त्या सगळ्या सोंगाच्या मुळाशी आहे, आणि खोटं टिकवायला जे जे करावं लागतं त्यात माणसं अडकत जातात. आमच्या मुलींपैकी दोघी पुण्यात खोली शोधून दमलेल्या होत्या. त्यांना ही अट सांगावीच लागली नाही.

तरीही एकमत झालं नाही. एका मुलीचं म्हणणं होतं, की बायकांच्या वेशात पुरुष बायकांच्या विश्वासात शिरतात, आणि शेवटी त्यांना माफी फार स्वस्तात मिळते. गुरुजींनी आधी हात झटकला. मग म्हणाले, हो, शेवट घाईत उरकलाय खरा. सुधीर जोशींचा घरमालक मात्र सगळ्यांनी बिनविरोध पास केला. सत्तर रुपयांवरून तो जो चेहरा करतो, त्यात नुसता चिक्कूपणा नाही, आपण फसवले जातोय हे कळूनही बोलता न येणाऱ्या माणसाची पंचाईत आहे. पण तो चेहरा कळायला आधीचा प्रसंग लागतो. तीन मिनिटांच्या तुकड्यात उरतो फक्त संवाद, आणि वर तुमचं आयतं हसू.

'धुमधडाका' (१९८५) चा निकाल संमिश्र. एका सभासदाची सून तमिळ. नवऱ्याबरोबर सिनेमा बघताना दहाव्या मिनिटाला ती म्हणाली, हा तर 'काधलिक्क नेरमिल्लै'! बरोबर होतं. १९६४ चा तो तमिळ चित्रपट, त्यावरून १९६६ चा हिंदी 'प्यार किये जा' आणि मग महेश कोठाऱ्यांचा हा. तिला मराठी येत नाही, सबटायटल्स नव्हती, तरी कथा ओळखीची असल्यामुळे तिने रेटून नेलं. सर्वांत जास्त हसली ती अशोक सराफांच्या म्हाताऱ्याच्या सोंगाला, पाइप ओढताना लागणाऱ्या त्या ठसक्याला. ठसक्याला भाषांतर लागत नाही. बाकी मुलींच्या मागे लागून त्यांना सतावणं म्हणजे प्रेम, हे त्या काळच्या सगळ्याच सिनेमांत आहे आणि इथेही आहे. ते आज बघवत नाही, असं काकूसुद्धा म्हणाल्या. शरद तळवलकर मात्र अजून ताजे. बापाच्या भूमिकेत इतक्या मनापासून स्वतःला फसवून घेणारा नट पुन्हा झाला नाही, हे माझं वैयक्तिक मत.

'झपाटलेला' (१९९३) ला मुलांनी वाचवलं. मोठ्यांनी 'परदेशी बाहुल्याच्या सिनेमाची नक्कल' म्हणून तो मोडीत काढला होता, आणि कल्पना तिकडची आहे हे खरंच. पण रामदास पाध्यांनी घडवलेला बाहुला, दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू, आणि नायक स्वतःच बाहुल्याला बोलतं करणारा शब्दभ्रमकार असणं, ही गुंफण इथली आहे. ज्या प्रेक्षकाने रामदासांचे वडील यशवंत पाध्ये यांच्यापासून अर्धवटराव या बाहुल्याला बोलताना ऐकलं आहे, त्याला बोलका बाहुला घरचा वाटतो, आणि घरचा बाहुला उलटला की जास्त भीती वाटते. विक्षिप्त कल्पनेचा सिनेमा म्हणून हा या सगळ्यांत वरचढ ठरला.

रंजना यांच्याबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही. या काळातल्या विनोदी सिनेमांत नायिकेचं काम बहुधा एवढंच, की नायकाच्या विनोदाला हसायचं, रुसायचं आणि शेवटी हार घालायचा. 'गोंधळात गोंधळ' किंवा 'बिनकामाचा नवरा' बघा. तिथे रंजना स्वतः हशा वसूल करतात. अशोक सराफांसमोर उभं राहून त्यांच्याइतकाच वेळ साधणारी नटी. अपघाताने त्यांची कारकीर्द थांबली, २००० साली त्या गेल्या. तुमच्या 'बेस्ट कॉमेडी' तुकड्यांत त्या जवळपास नसतात, कारण त्यांचा विनोद एका टाळीच्या वाक्यात मावत नाही, तो प्रसंगभर पसरलेला असतो. तुकडे पाडण्यात कोण गळतं, याचं हे उत्तर.

दादा कोंडक्यांवर आमचं भांडण अजून मिटलेलं नाही. 'सोंगाड्या' (१९७१) सबनीसांनीच लिहिलेला. त्यातला भाबडेपणा आजही खरा वाटतो, यावर दोन्ही पिढ्या एक. पुढच्या सिनेमांत द्वयर्थी संवाद वाढत गेले, तिथे खोली दुभंगते. कुणी म्हणतं, हा तमाशातल्या बतावणीचा, म्हणजे विनोदी संभाषणाचा, वारसा आहे आणि पांढरपेशांना तो कधीच झेपला नाही. कुणी म्हणतं, वारसा असेल, पण प्रत्येक वेळी शालजोडीतला मार बाईलाच का बसतो? मला दोन्ही पटतं. हा वाद घालायचा तर संवाद ऐकू यायला हवा. तुम्ही तो आवाज बंद करून टाकता.

इथून माझ्या तक्रारी सुरू होतात.

सर्वांत मोठी हीच, गुपचूप केलेल्या काटछाटीची. काळ्या रंगावरून, जाड बाईवरून, तोतरं बोलण्यावरून, तृतीयपंथीयांवरून केलेले विनोद या सिनेमांत आहेत. आज ते खटकतात आणि खटकायलाच हवेत. तुम्हालाही ते खटकले असतील तर आनंद आहे. मग सांगा ना तसं. न सांगता कापल्यामुळे होतं असं, की आजच्या मुलांना वाटतं ते जुने लोक अगदी सोज्ज्वळ होते, आणि जुन्या लोकांना वाटतं ही आजची मुलं उगाच कांगावा करतात. आरोपी निर्दोष सुटत नाही आणि दोषीही ठरत नाही, कारण पुरावाच फायलीतून काढून घेतलेला. शिवाय तुमची कात्री संवेदनशीलतेने चालते असंही दिसत नाही. बाईला धक्के मारत गायलेलं गाणं तसंच राहतं, आणि कापला जातो तो जाहिरातींच्या वेळेत न बसणारा एखादा शांत प्रसंग.

दुसरी तक्रार चौकटीची. 'धडाकेबाज' (१९९०) सिनेमास्कोपमध्ये काढलेला चित्रपट. रुंदी उंचीच्या सव्वादोन पटींहून जास्त. असा सिनेमा जुन्या चौकोनी टीव्हीसाठी भरून दाखवायचा तर रुंदीचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग दोन्ही बाजूंनी जातो. मग नवे रुंद टीव्ही आले, तेव्हा काहींनी तीच छाटलेली प्रत ताणून रुंद केली, त्यामुळे सगळी पात्रं बुटकी आणि जाडी. काहींनी वरून-खालून कापली, त्यामुळे डोकी उडाली. विनोदात बोलणाऱ्यापेक्षा ऐकणारा महत्त्वाचा असतो. लक्ष्मीकांत बेर्डे बडबडत असताना कडेला उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर काय चाललंय, यात अर्धा विनोद. तो कडेचा माणूसच चित्रात नसेल तर आम्ही निकाल कशाचा लावायचा?

रंगांचं तर विचारू नका. त्या काळच्या रंगीत फिल्ममधला निळसर थर आधी उडतो आणि सगळं चित्र गुलाबी-लाल होत जातं. ही रसायनशास्त्राची गोष्ट आहे, त्यात तुमचा दोष नाही. पण 'दे दणादण' (१९८७) आठवा. त्यातल्या हवालदाराला मारुतीची शक्ती मिळते आणि लाल रंग दिसला की ती जाते. अशा सिनेमाची प्रत आकाशापासून भिंतीपर्यंत लालसर झालेली असेल तर त्या बिचाऱ्याने पहिल्याच रिळात राम म्हणायला हवा! रंग दुरुस्त करता येतात. निगेटिव्ह शाबूत असेल तर उत्तम करता येतात. निगेटिव्ह कुठे आहे, हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

वेगाचंही तसंच. वर सांगितलं ते २४ आणि २५ चं गणित जुन्या टेपांपुरतं समजून घेता येतं. आता डिजिटल जमान्यात तीच टेप चढवून 'एचडी' लिहिण्याचं कारण काय? विनोद म्हणजे वाक्य आणि त्यापुढची थांबलेली जागा. ती जागा चार टक्क्यांनी आक्रसते. चार टक्के कुणाला कळत नाहीत असं म्हणाल, तर आमच्या खोलीतल्या पेटी वाजवणाऱ्या बाईंना गाण्याची पट्टी चढलेली ताबडतोब कळली होती.

नामावली कापण्याबद्दल थोडक्यात. 'एक डाव भुताचा' (१९८२) मधलं अशोक सराफांचं भूत सगळ्यांना आठवतं. त्या सिनेमामागे द. मा. मिरासदारांची लेखणी आहे हे आमच्याकडच्या एकाही कॉलेजवयीन मुलीला माहीत नव्हतं. मिरासदार त्यांनी शाळेच्या पुस्तकात वाचले आहेत! सुरुवातीच्या पाट्या राहिल्या असत्या तर दुवा आपोआप जुळला असता. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात लेखक-संगीतकारांच्या रॉयल्टीच्या हक्काची तरतूद आली. तुकडे विकून जो पैसा येतो त्यातलं काही या लेखकांच्या घरी पोचतं का, हा प्रश्न मी फक्त विचारून ठेवते.

आणि सबटायटल्स. मराठीत बोललेल्या सिनेमाला मराठी सबटायटल्स कशाला, असं मला एकाने विचारलं. आमच्याकडे एक काका येतात, त्यांना ऐकू येत नाही. ते ओठ वाचतात. गुलाबी आणि अस्पष्ट प्रतीत ओठ दिसत नाहीत. एवढं उत्तर पुरे.

सांस्कृतिक कार्य विभागाला वेगळं सांगायचं आहे. हे सिनेमे खासगी मालकीचे आहेत, त्यात आम्ही काय करणार, असं तुम्ही म्हणाल. पण मराठी चित्रपटाला सरकारने करपरताव्यापासून अनुदानापर्यंत जनतेच्या पैशाने वेळोवेळी हात दिला आहे. अशोक सराफांना तुम्ही महाराष्ट्र भूषण दिलं, चांगलं केलं. ज्या कामासाठी दिलं त्या कामाच्या प्रती कुठल्या अवस्थेत आहेत, याची यादी तुमच्याकडे आहे का? पुस्तक छापलं तर १९५४ च्या कायद्याने त्याची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाला द्यावी लागते. चित्रपटाला तसं सरसकट बंधन नाही. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, २०२२ मध्ये ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालं. तिथे फिल्म जपण्याची सोय आणि जाणकार माणसं आहेत, आणि तेही तुमच्याच राज्यात. २००३ साली पुण्यात जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली तेव्हा सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. ऐंशीच्या दशकातल्या फिल्मला तशी आग लागत नाही. ती डब्यात बसल्या बसल्या आंबते. झाकण उघडलं की व्हिनेगरचा वास येतो, आणि तो वास आला की फार उशीर झालेला असतो. त्यावर हळहळायला कुणी जमतही नाही.

कायद्याने चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो. म्हणजे १९८८ चा सिनेमा २०४८ सरेपर्यंत हक्कधारकाच्या ताब्यात. तो हक्क तुमचा आहे, त्याबद्दल वाद नाही. त्या साठ वर्षांत निगेटिव्ह आंबून गेलं, तर मुदत संपल्यावर जनतेच्या हाती नेमकं काय येणार?

तर मागण्या अशा.

कापलेला सिनेमा दाखवायचाच असेल तर सुरुवातीला एक पाटी लावा: मूळ लांबी इतकी, दाखवतोय ती इतकी, अमुक कारणाने गाळलं. सेन्सॉरचं प्रमाणपत्र आणि नामावली काढू नका.

आजच्या नजरेला खटकणारे विनोद कापण्याऐवजी आधी एक सूचना द्या. साधी, दोन ओळींची, उपदेश न करणारी. प्रेक्षक आपलं बघून घेतील.

तुकडे खुशाल टाका, पण अख्खा सिनेमा उतरवून नको. फुकट हवा असंही आमचं म्हणणं नाही. मूळ चौकटीत, योग्य वेगात, मराठी आणि इंग्रजी सबटायटल्ससह असेल तर आम्ही तिकिटाएवढे पैसे मोजू. मागून जोडलेलं हसू मात्र आजच काढा. त्याला ना फिल्म लागते, ना निधी.

वाचनालयं, शाळा-कॉलेजं आणि छोटी चित्रपटमंडळं यांच्यासाठी परवान्याचा एक साधा अर्ज आणि जाहीर दर ठेवा. पन्नास माणसांच्या खोलीत प्रवेशमूल्य न घेता सिनेमा दाखवायला कुणाला किती द्यायचे, हे एका कागदावर कळलं पाहिजे.

सरकारने मराठी चित्रपटांच्या उपलब्ध निगेटिव्ह आणि प्रिंटची यादी करून ती प्रसिद्ध करावी. कुठल्या सिनेमाचं काय शिल्लक आहे, कुठे आहे, कुठल्या अवस्थेत आहे. विनोदी सिनेमे त्यातून 'दुय्यम' म्हणून वगळू नयेत. आणि यापुढे ज्या चित्रपटाला अनुदान द्याल, त्याची एक पूर्ण प्रत संग्रहालयात जमा झाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

या सगळ्यानंतर आमचे निकाल तुमच्या मनासारखे लागतील याची हमी मी देत नाही. काही लाडके सिनेमे आमच्या खोलीत सपशेल पडलेत. एकाला तर तिन्ही प्रश्नांवर सगळ्यांनी नकार दिला, आणि त्यात लहानपणी तो सिनेमा थिएटरात पुन्हा पुन्हा बघितलेले गुरुजीही होते. उलट ज्यांची पोस्टरंसुद्धा कुणाला आठवत नव्हती असे एक-दोन सिनेमे मुलींनी डोक्यावर घेतले. अख्खी प्रत बघून पडलेला सिनेमा निदान स्वतःच्या कर्माने पडतो.

आमच्या पुढच्या बैठकीला 'हमाल दे धमाल' (१९८९) घेतला आहे. पुरुषोत्तम बेर्डे यांचा हा सिनेमा ज्यांच्या हक्कात असेल त्यांनी पूर्ण लांबीची प्रत कुठे विकत मिळेल ते जाहीरपणे कळवावं. मीटरमधली लांबीही कळवली तर ऑपरेटर काका आभारी राहतील, त्यांची वही तयार आहे.

आपली,
वाचनालयाच्या चित्रपटमंडळाची एक सभासद,
कोल्हापूर